व्यापाऱ्याची चिनी भाषा

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यांत गोदावरीच्या कांठीं सायखेडा हें गांव आहे. पैलतीरावर चांदोरी, नदीच्या खालच्या अंगास नांदूर-मधमेश्वरचें धरण, आणि सभोंवार कांदा, ऊंस व द्राक्षें यांचीं शेतें, असा हा मुलूख. पिंपळगांव बसवंत येथील बाजार समितीचा उपबाजार सायखेड्यास भरतो. तेथें कांद्याचा लिलाव चालू असतां जो भाव पुकारला जातो तो त्या पटांगणावरच ठरतो, असें पाहणाऱ्यास वाटतें. वस्तुतः तो पुष्कळ अंशीं दूरवर ठरत असतो. ढाका, कोलंबो, क्वालालंपूर, दुबई येथील पेढ्यांवर त्या दिवशीं कोणत्या देशाचा कांदा काय दरानें मिळत आहे, यावर सायखेड्याच्या ट्रॉलीचा भाव अवलंबून असतो.

या दूरच्या बाजारांत भारतीय कांद्याचा मोठा प्रतिस्पर्धी कोण, असें विचारलें तर चीनचें नांव घ्यावें लागतें. कांद्याच्या उत्पादनांत हेच दोन देश जगांत पहिले दोन आहेत. ८ डिसेंबर २०२३ पासून ४ मे २०२४ पर्यंत भारत सरकारनें, कांहीं सरकारी अपवाद सोडले तर, कांद्याची निर्यात बंद ठेविली होती. त्या काळांत परदेशचीं गिऱ्हाइकें ज्या देशांकडे वळलीं त्यांत चीनहि होता. द्राक्षांची गोष्ट याहून वेगळी आहे. तेथें चीन हा गिऱ्हाईकहि होऊं शकतो, कारण भारतीय द्राक्षांस चीनची बाजारपेठ २००५ मध्यें झालेल्या करारानें खुली झाली. शिवाय द्राक्षबागेस लागणारीं विद्राव्य खतें आणि मण्यांची फुगवण करणारें जिब्रेलिक आम्ल यांचा पुष्कळसा पुरवठा चीनमधूनच होतो. म्हणजे गोदाकांठच्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें चीन हा एकाच वेळीं विकणारा, घेणारा आणि चढाओढ करणारा आहे. ज्याच्याशीं इतका तिहेरी संबंध आहे त्याच्या भाषेंतील दहापर्यंतचे आंकडेहि या बाजूच्या माणसास येऊं नयेत, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

भाषा न जाणतां व्यापार करतां येत नाहीं असें नाहीं. मुंबईच्या व्यापाऱ्यांनीं तो पूर्वीं केलाच आहे. जमशेटजी जीजीभाई यांनीं १७९९ मध्यें चीनची पहिली सफर केली आणि पुढें कापूस व अफू यांच्या व्यापारांत अमाप संपत्ति मिळविली. त्या काळीं पाश्चात्त्य जहाजांस आणि त्यांच्याबरोबर जाणाऱ्या मुंबईकर व्यापाऱ्यांस कँटन हें एकच बंदर मोकळें होतें. सरकारनें नेमलेल्या मोजक्या चिनी पेढ्यांमार्फतच माल घ्यावा-द्यावा लागे. आणि परकीयांस चिनी भाषा शिकविणें हा अपराध मानला जात असे. १७५९ मध्यें जेम्स फ्लिंट नांवाच्या, चिनी शिकलेल्या इंग्रज व्यापाऱ्यानें कँटनच्या अधिकाऱ्यांविरुद्ध थेट बादशहाकडे तक्रार नेली. फ्लिंटला तीन वर्षें मकाव येथें अडकवून ठेवण्यांत आलें, आणि त्याचा अर्ज लिहून देणाऱ्या चिनी माणसाला प्राण गमवावे लागले. त्या सरकारला भाषेची किंमत बरोबर कळली होती. परक्याला आपली भाषा येत नाहीं तोंवर त्याचे कान आपल्या दुभाष्याच्या ताब्यांत राहतात, हें त्यांस ठाऊक होतें. ती बंदी १८४२ च्या नानकिंगच्या तहानंतर राहिली नाहीं. आज चीनमध्यें परकीयांस भाषा शिकविण्याच्या मोठमोठ्या संस्था आहेत. दार उघडें आहे. प्रश्न आंत जाण्याचा आहे.

मराठी माणूस त्या दारांतून पूर्वीं गेलाच नाहीं, असेंहि नाहीं. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांतील पालीचे पंडित पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांनीं, मूळ रूपांत लुप्त झालेला ‘विमुत्तिमग्ग’ हा ग्रंथ चिनी भाषांतरावरून अभ्यासला आणि त्याची ‘विसुद्धिमग्गा’शीं तुलना करणारें पुस्तक १९३७ मध्यें प्रसिद्ध केलें. वासुदेव विश्वनाथ गोखले यांनीं चिनी व तिबेटी या दोन्ही भाषांच्या साह्यानें एक लहानसा बौद्ध ग्रंथ १९३० मध्यें हायडेलबर्ग येथें छापला. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉक्टर चोळकर हे १९३८ मध्यें भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. कोटणीस तेथें राहिले, रुग्णांशीं व विद्यार्थ्यांशीं चिनी भाषेंत बोलूं लागले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं तेथेंच वारले. पुढें १९५४ मध्यें पंडित नेहरू आणि माओ यांची पेकिंग येथें भेट झाली तेव्हां वसंत परांजपे हे दुभाषाचें काम करीत होते. धर्म, वैद्यक आणि राजकारण या तिन्ही कारणांसाठीं मराठी जिभेनें ही भाषा आत्मसात केली आहे. बाजारासाठीं ती आत्मसात करणें हें त्याहून कठीण असण्याचें कांहीं कारण नाहीं.

कठीण वाटतें तें बहुतेक चुकीच्या वाटेनें गेल्यामुळें. आज शिकणारा चिनी शब्द रोमन अक्षरांत वाचतो. चीन सरकारनें १९५८ मध्यें ‘फिन्-यिन्’ नांवाची रोमन लेखनपद्धति मान्य केली. ती उत्तम आहे, परंतु तिच्यांतील अक्षरांचे उच्चार इंग्रजीप्रमाणें नाहींत. मराठी विद्यार्थी तीं अक्षरें इंग्रजीच्या शाळेंतील सवयीनें वाचतो आणि पहिल्याच दिवशीं फसतो. मराठी वर्णमालेंत ज्या सोयी आहेत त्या रोमन लिपींत नाहींत, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं.

चिनी भाषेंत ग, द, ब असे घोष स्पर्शवर्ण नाहींत. तेथें भेद आहे तो क आणि ख, त आणि थ, प आणि फ यांच्यामधला, म्हणजे अल्पप्राण व महाप्राण यांच्यामधला. इंग्रजास हा भेद कानानें ओळखण्यासाठीं महिनेच्या महिने खर्च करावे लागतात. मराठी मूल तो बाराखडी घोकतांना शिकतें. फिन्-यिन् मध्यें इंग्रजी ‘बी’ लिहिलेलें दिसलें तर प म्हणावें, ‘पी’ दिसलें तर फ म्हणावें, ‘डी’ला त, ‘टी’ला थ, ‘जी’ला क आणि ‘के’ला ख. हा फ मात्र ‘फळ’ शब्दांतील ओठ मिटून उच्चारलेला असावा, इंग्रजी पद्धतीचा दांतओठांचा नव्हे. चिनी राजधानीचें नांव इंग्रजी वाचणारा ‘बीजिंग’ असें म्हणतो. चिनी माणसाच्या तोंडीं तें ‘पेइचिङ्’च्या जवळ जातें.

याहूनहि मोठी सोय मराठीच्या च या अक्षरांत आहे. ‘चाक’ व ‘चूल’ यांतील च दांतांपाशीं होतो. ‘चंद्र’ व ‘चिमणी’ यांतील च तालूपाशीं होतो. लिहितांना दोहोंस एकच अक्षर वापरलें जात असल्यामुळें मराठी माणसास आपल्याजवळ दोन वर्ण आहेत याची जाणीव नसते. परंतु चिनी भाषेंत हे दोन्ही आहेत, ते निरनिराळे शब्द घडवितात, आणि त्यांच्या जोडीस जीभ मागें वळवून काढलेला तिसराहि च आहे. फिन्-यिन् मधील ‘झेड’ म्हणजे चाकांतला च, ‘जे’ म्हणजे चिमणींतला च, आणि ‘क्यू’ म्हणजे छत्रींतला छ. पैसा या अर्थाचा चिनी शब्द रोमन लिपींत पाहून ‘क्विआन’ असा वाचला जातो. खरा उच्चार ‘छ्येन्’. भाव विचारण्याचें वाक्य आहे ‘त्वो-षाव छ्येन्?’, म्हणजे किती पैसे? फार महाग झालें, हें ‘थाइ क्वेइ ल’. हीं वाक्यें देवनागरींत लिहून ठेवणारा विद्यार्थी रोमनवर विसंबणाऱ्यापेक्षां अधिक शुद्ध बोलेल. यांत आश्चर्य वाटण्याजोगें कांहीं नाहीं. बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांसाठीं चिनी भिक्षूंनीं संस्कृत वर्णमाला अभ्यासिली होती, आणि आपल्या व्यंजनांची ओष्ठ्य, दंत्य, कंठ्य अशी मांडणी करण्याची प्रेरणा चिनी पंडितांस तिच्यापासूनच मिळाली, असें विद्वान् मानतात.

महाप्राण चुकल्यास काय होतें, याचें एक उदाहरण पुरे आहे. टन या वजनास चिनी शब्द ‘तुन्’. त्याच्या जागीं ‘थुन्’ म्हटलें तर ‘गिळणें’ असा अर्थ होतो. पन्नास टन कांद्याचा सौदा बोलतांना ही चूक हंसण्यावारी जाईल. परंतु सौद्यांत ज्याला हंसतात तो आधींच एक पायरी खालीं उतरलेला असतो.

मराठी वर्णमालेची मदत येथें संपते आणि खरी नवी गोष्ट सुरू होते. ती म्हणजे सूर. चिनी भाषेचें जें प्रमाण रूप शाळांतून व कचेऱ्यांतून चालतें त्यांत प्रत्येक शब्दावयवास चार सुरांपैकीं एक सूर असतो. पहिला उंच आणि सपाट, तंबोऱ्याच्या तारेसारखा. दुसरा खालून वर चढणारा, आश्चर्यानें ‘काय?’ म्हणतांना चढतो तसा. तिसरा खालच्या पट्टींत दबलेला, आणि सावकाश म्हटल्यास शेवटीं किंचित् वर येणारा. चौथा वरून एकदम खालीं पडणारा, कोणाला ‘चल!’ म्हणून दटावतांना पडतो तसा. मराठींत असे चढउतार रागलोभ दाखवितात. चिनींत ते अर्थच बदलतात. व्यापाऱ्यानें हें तत्त्व एकाच जोडीवर शिकावें. ‘माइ’ हा शब्द तिसऱ्या सुरांत म्हटला तर विकत घेणें, चौथ्या सुरांत म्हटला तर विकणें. स्वर एक, व्यंजन एक. केवळ सूर फिरला कीं घेणारा देणारा होतो. आणि दोन्ही एकापुढें एक ठेवले कीं ‘माइमाइ’ हा व्यापारवाचक शब्द तयार होतो, जशी मराठींत ‘देवघेव’. ज्याला हीं दोन ‘माइ’ चुकतां येत नाहींत त्याचा सुरांचा पहिला धडा झाला.

सुरांनीं घातलेली भीति व्याकरण घालवून टाकतें. चिनी क्रियापद बदलत नाहीं. मी घेतों, ती घेते, ते घेतील, त्यांनीं घेतलें, या सर्वांस तेंच ‘माइ’ चालतें. काल, उद्यां अशा शब्दांवरून काळ कळतो. लिंग नाहीं, विभक्तिप्रत्यय नाहींत. मराठीशीं मुख्य फरक शब्दांच्या क्रमाचा आहे: ‘मी द्राक्षें घेतों’ याऐवजीं ‘मी घेतों द्राक्षें’ असा क्रम लागतो. प्रश्न विचारण्याची रीत मात्र अगदीं घरची वाटेल. मराठींत वाक्याच्या शेवटीं ‘का’ येतो, तसा चिनींत ‘मा’ येतो. ‘घेता कीं नाहीं?’ यास ‘माइ-पु-माइ?’. होय आणि नाहीं यांस सर्वत्र चालेल असा एक शब्द नाहीं, ‘घेता का?’ या प्रश्नास सायखेड्याचा शेतकरी जसा ‘घेतों’ असें उत्तर देईल तसेंच चिनी मनुष्यहि देतो.

वस्तु मोजतांना संख्या आणि नाम यांच्यामध्यें परिमाणाचा शब्द लागतो, आणि इंग्रजीवरून येणाऱ्यास तो नेहमीं छळतो. मराठी माणूस मेथीच्या दोन जुड्या, द्राक्षांच्या चार पेट्या, केळ्यांचा एक घड असेंच बोलत असतो. द्राक्षांस चिनी शब्द ‘फू-थाव’; दोन पेट्या द्राक्षें म्हणजे ‘ल्याङ् श्याङ् फू-थाव’. हा द्राक्षवाचक शब्दहि दोन हजार वर्षांपूर्वीं हान राजवटीच्या काळांत पश्चिमेकडून फळाबरोबरच चीनमध्यें गेलेला आहे. कांद्यास चिनी लोक ‘याङ्-त्सुङ्’ म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ समुद्रापलीकडची पात. ज्या देशांत आज कांद्याचे ढीग पिकतात त्या देशाच्या भाषेनें कांद्याचें परकेपण असें जपून ठेविलें आहे.

आतां आंकडे. व्यापाऱ्यानें सर्वांत अधिक वेळ येथें द्यावा. एक ते दहा असे आहेत: ई, अर्, सान्, स्स, वू, ल्यौ, छी, पा, च्यौ, ष्ष. यांत चार आणि दहा यांकडे लक्ष द्यावें. चारचा स दांतांपाशींचा आणि सूर पडता. दहाचा ष जीभ वळवून म्हटलेला आणि सूर चढता. दक्षिण चीनमधील कित्येक लोक दोन्ही स दांतांपाशींच म्हणतात. तेथें केवळ सुरानें चार व दहा ओळखावे लागतात. एकदां दहापर्यंत आलें कीं पुढें पाठांतर नाहीं. मराठी मुलास त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट स्वतंत्रपणें घोकावे लागतात. चिनींत त्रेचाळीस म्हणजे चार-दहा-तीन.

फसगत दोन ठिकाणीं होते. पहिली मोठ्या संख्यांत. भारतांत हजारानंतर लाख व कोटि येतात. चीनमध्यें दहा हजारांस ‘वान्’ हें स्वतंत्र नांव आहे आणि पुढची मोजणी वान् धरून चालते. एक लाख म्हणजे दहा वान्, एक कोटि म्हणजे एक हजार वान्. मनांतल्या मनांत लाखाचे वान् करतांना एक शून्य इकडचें तिकडे झालें तर सौदा दसपट होतो किंवा दशांशावर येतो. दुसरी फसगत वजनांत. चिनी बाजारांत भाव पुष्कळदां ‘चिन्’ या वजनावर बोलला जातो. एक चिन् म्हणजे अर्धा किलो. किलोला ‘कुङ्-चिन्’ म्हणतात. चिन्-चा भाव किलोचा समजून जो हिशोब करील त्याला खरा भाव निम्माच दिसेल. आपण घेणारे असलों तर माल स्वस्त पडला असें वाटून पुढें भुर्दंड बसतो, आणि विकणारे असलों तर चांगलें गिऱ्हाईक भाव कमी म्हणून परत जातें. एका अक्षराचा हा फरक आहे.

चिनी बाजारांत एका हाताच्या बोटांनीं दहापर्यंत आंकडे दाखविण्याची रीत आहे. आंगठा आणि करंगळी उभी केली कीं सहा. महाराष्ट्रांतील जुन्या माणसांस ही रीत पाहून ओळख पटेल. गुरांच्या बाजारांत उपरण्याखालीं हातांत हात घालून बोटांनीं भाव करण्याची हत्ता पद्धति येथेंहि होती. फरक इतकाच कीं, येथील बोटें तिसऱ्याला कळूं नयेत म्हणून झांकलेलीं असत आणि तेथील बोटें गोंगाटांतहि दिसावींत म्हणून उंच धरतात. हुंडी, पावती अशा कागदांवर आंकडे लिहितांना चिनी लोक निराळीं, अधिक रेघांचीं अक्षरें वापरतात, कारण साध्या एकला एक रेघ, दोनला दोन रेघा, तीनला तीन. त्यांत खाडाखोड करणें सोपें. मराठी पावतीवर ‘अक्षरी रुपये’ लिहिण्यामागें तोच हेतु आहे.

लिपीचें नांव काढतांच नवशिक्याचा धीर सुटतो. हजारों अक्षरें कोण पाठ करणार? उत्तर असें कीं, व्यापाऱ्यास हजारों लागत नाहींत, आणि जीं लागतात तीं सुटीं सुटीं पाठ करावयाचीं नसतात. प्रत्येक अक्षर लहान लहान चिन्हांचें बनलेलें असतें. १७१६ मध्यें पुऱ्या झालेल्या कांग-शी कोशांत अशीं २१४ मूलचिन्हें धरलीं आहेत. त्यांपैकीं एक चिन्ह कवडीचें आहे. प्राचीन चीनमध्यें कवडी हें चलन होतें. म्हणून माल, महाग, खर्च, खरेदी, कर्ज, हिशोब अशा शब्दांच्या अक्षरांत कोठें ना कोठें ती कवडी दिसते. ‘कवडीमोल’ आणि ‘फुटकी कवडी’ हे शब्द ज्या भाषेंत जिवंत आहेत त्या भाषेच्या माणसास हें चिन्ह लक्षांत ठेवण्यास श्रम पडूं नयेत. १९५६ पासून चीनमध्यें अक्षरें सोपीं करण्यांत आलीं. सिंगापूरनेंहि तीं स्वीकारलीं. हाँगकाँग व तैवान येथें जुनींच चालतात. बोली मात्र ठिकठिकाणीं निराळ्या आहेत. कँटनची बोली पेइचिङ्-च्या माणसास कळत नाहीं, तरी दोघांस एकच पत्र वाचतां येतें.

अक्षरओळखीचा खरा उपयोग पत्रापेक्षां करारांत आहे. चीनमधील कंपनीचें कायद्यानें नोंदलेलें नांव तें तिचें चिनी लिपींतील नांव होय. इंग्रजी नांव ती सोयीसाठीं वापरते आणि वाटेल तेव्हां बदलूं शकते. त्या नांवावर केलेला दावा उभा करणें अवघड जातें. चिनी नांवाची रचना ठरलेली असते: प्रथम गांव किंवा प्रांत, मग खास नांव, मग धंदा, आणि शेवटीं ‘यौ-श्येन् कुङ्-स’ हीं मर्यादित कंपनी या अर्थाचीं चार अक्षरें. २०१५ पासून प्रत्येक कंपनीस १८ स्थानांचा एक नोंदणीक्रमांक असतो. करारावर सहीपेक्षां कंपनीच्या लाल गोल शिक्क्याचें महत्त्व अधिक. विद्राव्य खतांची आगाऊ रक्कम पाठविण्यापूर्वीं करारावरील, शिक्क्यावरील आणि बँकखात्यावरील नांव अक्षरशः एकच आहे किंवा नाहीं एवढें ताडून पाहण्यास चिनी भाषेचा पंडित व्हावें लागत नाहीं. दोन आकृति सारख्या आहेत कीं नाहींत एवढेंच पाहावें लागतें. एवढें न पाहतां पाठविलेला पैसा परत मिळविण्यास मात्र पंडितहि पुरे पडत नाहींत.

चिनी लिपींत परकें नांव लिहावयाचें तर त्याचे शब्दावयव पाडून प्रत्येकास एक अक्षर द्यावें लागतें. सातव्या शतकांत, दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यांत महाराष्ट्रांत आलेल्या ह्युएनत्संगानें या देशाचें नांव ‘मो-हो-ला-च’ अशा चार अक्षरांत लिहिलें. त्यानें वर्णन केलेली राजधानी नाशिकच असावी, असा संशोधक फ्लीट यांचा तर्क होता. डॉक्टर कोटणीस यांचें चिनी नांव ‘ख ती-ह्वा’. यांतील शेवटचें ‘ह्वा’ म्हणजे चीन, आणि पथकांतील पांचहि डॉक्टरांनीं तें आपल्या नांवांत घेतलें होतें. त्यांच्या मुलाचें नांव ‘यिन्-ह्वा’, म्हणजे भारत आणि चीन. नाशिकच्या पेढीनेंहि पेट्यांवर छापण्यासाठीं आपलें चिनी नांव ठरवावें, तें जाणत्याकडून अर्थ तपासून घ्यावें. नाहींतर गिऱ्हाईक आपल्या सोयीचें नांव ठेवील, आणि तें नेहमींच मानाचें असेल असें नाहीं.

भाषेबरोबर रीतहि शिकावी लागते. चिनी नांवांत आडनांव आधीं येतें. परक्या माणसास तूं या अर्थाचें ‘नी’ चालतें, पण वडील माणसास आणि मोठ्या गिऱ्हाइकास आपण या अर्थाचें ‘निन्’ म्हणावें. नांवाचें कार्ड दोन्ही हातांनीं द्यावें व घ्यावें. चिनी व्यापारी तोंडावर नकार देण्याचें टाळतो. तो म्हणतो, ‘खाव-ल्यु खाव-ल्यु’, म्हणजे विचार करूं. इंग्रजी भाषांतर वाचणारा या शब्दांवर आशा ठेवून आठवडे घालवितो. मराठी माणसानें तसें करूं नये. ‘बघूं’ या मराठी उत्तराचा अर्थ ज्याला कळतो त्याला या चिनी उत्तराचाहि कळला पाहिजे.

पंचांगाकडेहि लक्ष हवें. चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान, पौषी किंवा कधीं माघी अमावास्येच्या सुमारास येतें. त्यांच्याहि पंचांगांत अधिक मास आहे. सणापूर्वीं भेटीसाठीं फळांस मागणी असते आणि सणानंतर कांहीं दिवस कचेऱ्या बंद राहतात. नाशिकच्या द्राक्षांचा हंगाम जानेवारी ते एप्रिल हाच आहे. चीनची स्वतःची द्राक्षें उन्हाळ्याच्या अखेरीस व शरदांत येतात. मधल्या काळांत पेरू आणि चिली येथील माल तेथें पोंचतो. ज्याला हा सण कोणत्या तारखेस आहे हें ठाऊक नाहीं त्याचा कंटेनर बंद दारापाशीं उभा राहण्याचा संभव आहे.

अभ्यासाचा क्रम सरळ आहे. पहिला महिना केवळ वर्ण आणि सूर यांस द्यावा, आणि तो कानानें द्यावा. दुसऱ्या महिन्यांत आंकडे, वजनें, तारखा. पुढें भाव विचारणें, नमुना मागणें, माल कधीं पोंचेल तें सांगणें अशीं वीस-पंचवीस वाक्यें. चीन सरकारच्या भाषापरीक्षेच्या २०१० मधील रचनेप्रमाणें पहिल्या पायरीस १५० शब्द आणि दुसरीस ३०० शब्द लागत. रोज अर्धा तास देणाऱ्यास एका वर्षांत एवढे शब्द अवघड नाहींत. आज हातांतला फोन भाषांतर करून देतो, त्याची मदत अवश्य घ्यावी. परंतु फोननें सांगितलेला आंकडा बरोबर कीं चूक हें कळण्यापुरतें ज्ञान स्वतःजवळ असावें. आणि करार मात्र दोन्ही भाषांत, जाणत्या दुभाष्याच्या व वकिलाच्या देखरेखीखालींच व्हावा. नवशिक्याच्या चिनीनें दुभाष्याची गरज संपत नाहीं. दुभाष्यास आपल्या समोर जपून बोलावें लागतें, एवढाच तिचा लाभ, आणि तो थोडा नाहीं.

भारत आणि चीन यांच्यांत १९६२ मध्यें युद्ध झालें, २०२० मध्यें गलवान खोऱ्यांत रक्त सांडलें. पुढेंहि संबंध कधीं सुधारतील, कधीं बिघडतील. त्या चढउतारांवर शेतकऱ्याचा ताबा नाहीं. मात्र शेजारी मित्र असो वा प्रतिस्पर्धी, त्याच्या बाजारांत आज काय भाव चालला आहे हें त्याच्याच भाषेंत वाचतां येणें दोन्ही परिस्थितींत उपयोगाचें आहे. शान-तुङ् प्रांतांतील कांद्याचा दर किती चिन्-ला किती, आणि त्याचा किलोला किती, हें सायखेड्याच्या उपबाजारांत लिलावापूर्वीं एका तरी मुलानें वाचून सांगितलें, तर त्या दिवशीं पुकारलेल्या भावास ट्रॉलीवर बसलेला त्याचा बाप ‘देतों’ म्हणण्यापूर्वीं क्षणभर थांबून विचार करील. व्यापाऱ्याची चिनी भाषा त्या क्षणासाठीं शिकावयाची आहे.